सावडीचा हिशेब

प्रकल्पवहीचं पहिलं पान उघडा. वर सुबक अक्षरात विषय, खाली ‘गटातील सदस्य’ असा मथळा आणि त्याखाली पाच नावं. आता पुढची वीस पानं चाळा. अक्षर एकाच हाताचं आहे. मध्येच दोन पानांवर ते बदलतं, जरा तिरकं आणि सराईत होतं, ती आई. मग पुन्हा पहिलं अक्षर येतं ते थेट ‘निष्कर्ष’ आणि ‘ऋणनिर्देश’ संपेपर्यंत. उरलेल्या चौघांचं काम काय होतं? एकाने कार्डशीट आणली, दुसऱ्याने झेरॉक्स काढली, तिसरा ‘मी काय करू?’ असं दोनदा विचारून गप्प बसला आणि चौथ्याचं नाव यादीत चुकीचं लिहिलं गेलं आहे. गुण मात्र पाचही जणांना सारखे.

कोकणातल्या खेडच्या बाजारपेठेजवळची शाळा असो, नाहीतर सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीवरची, ही वही शिक्षकांच्या ओळखीची असते. ती पाहून पालकांमध्ये दोन तट पडतात. ज्यांच्या मुलीने वीस पानं लिहिली ते म्हणतात, “पुढच्या वेळी तिला एकटीलाच करू द्या.” ज्यांच्या मुलाने झेरॉक्स काढली ते म्हणतात, “गटात राहून शिकेल हळूहळू.” म्हणींकडे जावं, तर त्यांचंही एकमत नाही. एक म्हण सांगते, गाव करी ते राव न करी. दुसरी सांगते, सात सुगरणी आणि भाजी अळणी. दोन्ही म्हणी अनुभवातून आलेल्या असणार, तेव्हा गट चांगला की वाईट, हा प्रश्नच सोडून देऊ. गाव कधी रावाला हरवतं आणि भाजी कधी अळणी होते, ते पाहू.

आठ जणांची दोरी

या प्रश्नाला पहिल्यांदा मोजपट्टी लावली ती एका शेतकी अभियंत्याने. फ्रान्सच्या मॅक्स रिंगेलमानला शाळेशी कर्तव्य नव्हतं. बैल, घोडे, माणसं आणि यंत्रं यांच्याकडून शेतीचं जास्तीत जास्त काम कसं निघेल, हे त्याला शोधायचं होतं. १८८०च्या दशकात त्याने माणसांना एकेकटं आणि गटाने ओझं ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. निष्कर्ष छापले गेले ते १९१३ साली.

एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर दोघे मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर सरासरी ९३ वर आला. चौघांत तो ७७ झाला आणि आठ जणांत ४९. म्हणजे दोरीला आठ माणसं आणि जोर चार माणसांचा.

याचं एक कारण कोकणात वेगळं सांगायला नको. शिमग्यात पालखी खांद्यावर घेणाऱ्यांपैकी एकाचं पाऊल चुकलं, की बाकीच्यांना ओढ बसते. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी, एकाच दिशेला लागत नाही. काही ताकद एकमेकांना सांभाळण्यातच जाते. रिंगेलमानचाही भर याच कारणावर होता. पण सगळी तूट त्यातच जाते का? १९७४ साली अमेरिकेत ॲलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी त्यावर एक युक्ती केली. माणसाचे डोळे बांधले, त्याला दोरीच्या पुढच्या टोकाला उभं केलं आणि मागे आणखी माणसं ओढताहेत असं भासवलं. मागचे फक्त ओढण्याचं सोंग करत होते. ताळमेळ चुकायला प्रत्यक्षात दुसरं कोणी नव्हतंच. तरीही माणसाचा जोर कमी झाला. आपल्याबरोबर आणखी कोणी आहे, एवढ्या समजुतीनेच हात सैल पडले.

अकबर-बिरबलाच्या गोष्टीतला दुधाचा हौद आठवतो का? रात्रीच्या अंधारात प्रत्येकाने तांब्याभर दूध ओतायचं होतं आणि सकाळी हौदात नुसतं पाणी निघालं. रिंगेलमानच्या दोरीवर त्याच गावातली माणसं होती.

टाळी कोणाची?

हौदाच्या गोष्टीत महत्त्वाचा आहे तो अंधार. आपण काय ओतलं ते कोणाला दिसणार नाही, ही खात्री. १९७९ साली ओहायो स्टेट विद्यापीठात बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी विद्यार्थ्यांना जमेल तितक्या जोराने टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितलं. दोघांच्या गटात प्रत्येकाचा आवाज एकट्याच्या ७१ टक्के भरला, चौघांत ५१ टक्के आणि सहा जणांत ४० टक्के. दोनच वर्षांनी याच तिघांनी पुढचा प्रयोग केला. त्यात गटात ओरडतानाही प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र मोजला जाईल, असं विद्यार्थ्यांना सांगितलं. एवढ्याने ढिलाई नाहीशी झाली. गट तोच, माणसं तीच. फक्त अंधार गेला होता.

ही ढिलाई आळशी मुलांचीच असते, असं समजू नये. हुशार, कष्टाळू मूलही गटात बदलतं आणि तेही दोन उलट दिशांनी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९८३ साली दाखवलं, की जोडीदाराची कुवत असूनही तो हात राखून ठेवतो आहे असं दिसलं, की चांगलं काम करणाराही मागे सरतो. “मीच का मरू?” हे वाक्य खेडच्या शाळेत जसं ऐकू येतं, तसंच प्रयोगशाळेतही ऐकू आलं. उलट, काम मनापासून महत्त्वाचं वाटत असेल आणि बरोबरच्यांकडून काही होणार नाही अशी खात्री असेल, तर माणूस सगळ्यांच्या वाटचं काम स्वतःच्या अंगावर ओढून घेतो. विल्यम्स आणि स्टीव्हन काराउ यांनी १९९१ साली या वागण्याची नोंद केली. वीस पानं लिहिणारी आपली मुलगी ती हीच. तिला शाबासकी मिळते, पण तिच्या हाती दुसराच धडा लागतो: माणसांवर विसंबण्यात अर्थ नाही. झेरॉक्स काढणारा शिकतो, की आपल्यावाचून कुणाचं अडत नाही. गटात काम करायला शिकवण्यासाठी दिलेल्या प्रकल्पातून दोघंही नेमकं उलटंच शिकून घरी जातात.

एकट्याने करायची कामं

मग सगळे प्रकल्प एकेकट्यालाच द्यावेत का? त्याआधी मुलांवरच झालेला एक जुना प्रयोग पाहू. नॉर्मन ट्रिपलेट हा अमेरिकी संशोधक सायकल शर्यतींचा शौकीन होता. एकटा सायकलस्वार घड्याळाशी झुंजताना जितका धावतो, त्याहून दुसऱ्याच्या सोबतीने जास्त वेगात जातो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. १८९८ साली छापलेल्या प्रयोगात त्याने ४० मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ फिरवायला दिलं, कधी एकट्याने तर कधी जोडीने. सुमारे निम्म्या मुलांचा वेग जोडीत वाढला. पाव मुलांवर काही फरक पडला नाही. उरलेल्या पाव मुलांची मात्र जोडीदार शेजारी आल्यावर गडबड उडाली आणि त्यांचा वेग मंदावला.

यातली मेख मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६५ साली सांगितली. दुसऱ्यांच्या देखत अंगवळणी पडलेलं काम सुधारतं. नवं, अवघड, अजून हाताला न बसलेलं काम बिघडतं. पाढे चारचौघांत म्हणावेत, पण न समजलेलं गणित आधी कोपऱ्यात बसून सोडवावं, हे आपल्या जुन्या मास्तरांना ठाऊक होतंच.

नव्या कल्पना सुचण्याबाबत तर गटाचा लौकिक अगदीच फसवा निघाला. येल विद्यापीठात १९५८ साली चौघांना एकत्र बसवून कल्पना काढायला सांगितल्या आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पनांची बेरीज केली. एकेकट्या चौघांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट निघाल्या. १९८७ साली जर्मनीत मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांना त्याचं मुख्य कारण सापडलं आणि ते अगदी साधं होतं. गटात एका वेळी एकच जण बोलतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात आणि थांबता थांबता सुचलेलं विसरून जातात.

म्हणजे प्रश्न शोधणं, पहिल्यांदा विचार करणं, अवघड गोष्ट समजून घेणं आणि लिहिणं ही बहुतांशी एकट्याची कामं आहेत. पाच जणांनी मिळून एक वाक्य लिहायला घेतलं, की एक जण लिहितो आणि चौघं पंख्याकडे बघतात.

महाराष्ट्रातल्या मुलांसमोर या दोन्ही वाटा स्पर्धांच्या रूपानेही येतात. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या संघाने १९८१ पासून चालवलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीची मुलं लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर एकेकट्याने कृतिसंशोधन प्रकल्प करतात आणि त्यावर मुलाखत देतात. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मात्र १० ते १७ वर्षांची मुलं आपल्या परिसरातली एखादी समस्या घेऊन गटाने काम करतात. तिथे बरीच वर्षं पाच मुलांपर्यंतचा गट चालत असे; पुढे तो दोघांवर आला. दोघांत दोरी सैल सोडायला फारशी जागा नसते, हे रिंगेलमाननेही मान्य केलं असतं.

इर्जिक आणि सावड

तरीही गट हवाच, असं काय आहे? उत्तर शोधायला येलला जायची गरज नाही. आषाढात खेड तालुक्यातल्या भातखाचरांच्या बांधावर उभं राहिलं तरी पुरे.

मोठं काम गावाने मिळून करण्याच्या दोन जुन्या रीती मराठीला माहीत आहेत. एक इर्जिक. कोणाची नांगरणी अडली, की गावातली माणसं आपापले बैल आणि अवजारं घेऊन एक दिवस येतात, काम उरकतात आणि घरधनी त्यांना जेवू घालतो. कोण किती राबला, याचा हिशेब नसतो. जेवणाची पंगत सगळ्यांना सारखीच. दुसरी रीत सावड. भातलावणी पावसाच्या मोजक्या दिवसांत उरकावी लागते आणि एका घरच्या हातांनी ती उरकत नाही. म्हणून आज आमची माणसं तुमच्या खाचरात, उद्या तुमची आमच्या. दिवसाला दिवस फेडायचा. कोणाकडून किती माणसं आली, कोणाकडे किती दिवस देणं आहे, हे कागदावर नसलं तरी सगळ्यांना तोंडपाठ असतं.

शाळेतला गटप्रकल्प बहुतेक वेळा इर्जिकीसारखा दिला जातो: सगळ्यांनी या, जमेल ते करा, पंगत सारखी. इर्जिक उत्तम रीत आहे, पण ती एका दिवसाची आणि अडलेल्यासाठी असते. महिनाभराच्या कामाला सावड लागते. सावडीत तीन गोष्टी असतात. प्रत्येकाचं काम दिसतं. ते मोजलं जातं. आणि ज्याच्या शेतात आज हात राखून काम केलं, त्यालाच उद्या आपल्या शेतात बोलवायचं असतं. पहिल्या दोन गोष्टी लातानेच्या टाळ्यांनी सिद्ध केल्या. तिसरीचा पुरावा संशोधक ख्रिस्तोफर अर्ली यांच्या कामात आहे. त्यांनी चिनी, इस्रायली आणि अमेरिकी व्यवस्थापकांची तुलना केली. समूहाला महत्त्व देणाऱ्या समाजातली माणसं आपल्या माणसांच्या गटात एकट्यापेक्षाही चांगलं काम करत होती. परक्यांच्या गटात मात्र त्यांचं काम घसरलं. हजेरीपटावरचे क्रमांक एक ते पाच म्हणजे एक गट असं ठरवलं, की आपण कित्येकदा परक्यांचाच गट बांधतो.

सावडीत आणखी एक शहाणपण आहे आणि ते सहज नजरेतून सुटतं. कोणतं बियाणं घ्यायचं, रोपांचा तरवा कधी पेरायचा, हे ठरवायला कोणी सावड बोलावत नाही. ते घरातच ठरतं. तरवा काढायला आणि लावायला माणसं येतात. विचार एकट्याचा, हात अनेकांचे.

चार वाड्यांचा पाऊस

आता हे खेडच्या एका प्रकल्पाला लावून पाहू. विषय दारातलाच घेऊ: जगबुडी. खेड शहराला लागून वाहणारी ही नदी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळला समुद्राला. पावसाळ्यात ‘जगबुडीने ७ मीटरची धोका पातळी ओलांडली’ ही बातमी खेडकरांना नवी नाही, आणि जुलै २०२१ चा पूर तर आज शाळेत असलेल्या मुलांपैकी अनेकांनी स्वतः पाहिला आहे. समजा, आठवीच्या वर्गाला विषय दिला: ‘आपल्या गावातला पाऊस आणि जगबुडीचं पाणी’.

पहिला आठवडा एकट्याचा. प्रत्येकाने आपल्या वहीत तीन प्रश्न लिहून आणायचे. गटात चर्चा त्यानंतर. असं केलं की शांत मुलाचा प्रश्नही कागदावर येतो, मोठ्या आवाजात विरत नाही.

नंतर कामं वाटायची, पण ‘तू चित्रं काढ, मी लिहिते’ अशी नाहीत. या प्रकल्पाला गट का लागतो, ते स्वतःलाच विचारायचं. उत्तर सोपं आहे: एकट्याला चार वाड्यांतला पाऊस मोजता येत नाही. घाटाच्या पायथ्याशी पडणारा पाऊस आणि शहरात पडणारा पाऊस सारखा नसतो. सरळ उभ्या भिंतींचं भांडं, त्यावर मिलिमीटरची पट्टी आणि हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला एक नोंद. चार वाड्यांतली चार मुलं, चार भांडी, महिनाभर. खेड तालुक्यातला शिक्षक नेहमी सांगतो, की मुलं लांबून येतात, शेवटची एसटी गाठायची असते, गट जमणार कधी? इथे लांब राहणं हीच कामाची गोष्ट ठरते. गट जमायला मधली सुट्टी पुरते आणि ज्याच्या भांड्याची नोंद नाही, त्याच्या रकान्यात रिकामी जागा दिसते. ती कोणी दुसरा भरू शकत नाही.

पावसाच्या जोडीला आणखी चार कामं. एकाने बाजारपेठेतल्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा टेपने मोजायच्या (टेपचं दुसरं टोक धरायला जोडीदार लागतोच). एकीने म्हाताऱ्या माणसांना जुन्या पुरांबद्दल विचारायचं. एकाने प्रशासन जाहीर करतं ती नदीची रोजची पातळी टिपायची. एकीने नकाशा करायचा. दोन आठवड्यांनी प्रत्येकाने आपला भाग बाकीच्यांना शिकवायचा. शिक्षकांनी मात्र नकाशा करणारीला पावसाबद्दल विचारायचं आणि पाऊस मोजणाऱ्याला नकाशाबद्दल.

ही शेवटची युक्ती मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांची. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि वर्गात धुसफूस सुरू झाली. ॲरनसन यांनी धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा. पूर्ण धडा हवा असेल तर बाकीच्यांचं ऐकण्यावाचून इलाज नाही. ज्या मुलाला कोणी विचारत नव्हतं, त्याच्याकडचा तुकडा इतर कोणाकडेच नव्हता. गटात सगळ्यांनी हजर असून भागत नाही. प्रत्येकाची गरज पडावी लागते.

शेवटी पुन्हा एकटेपणा. आपापला भाग ज्याने त्याने लिहायचा, नावासकट. आणि निष्कर्षाचं एक पान प्रत्येकाने स्वतंत्र. त्याच आकड्यांतून मुलांनी वेगवेगळे निष्कर्ष काढले, तर वर्गात त्या दिवशी खरं विज्ञान चाललं आहे, असं खुशाल समजावं.

‘इतर’ नावाचा रकाना

राहिला प्रश्न गुणांचा, म्हणजे सावडीच्या हिशेबाचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट स्लाव्हिन यांनी गटाने शिकण्यावरची संशोधनं वर्षानुवर्षं पारखली. त्यांच्या मते गटाचा फायदा होण्यासाठी दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात: यश गटाचं असावं आणि ते यश प्रत्येकाच्या वैयक्तिक शिकण्यावर अवलंबून असावं. नुसतं पहिलं असलं तर हौदात पाणी. नुसतं दुसरं असलं तर पाच एकटे, फक्त एका बाकावर.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत प्रकल्प आहे आणि शेवटच्या ‘इतर’ या साधनात गटकार्य, स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनही आहे. म्हणजे मुलांनी स्वतःचं आणि एकमेकांचं काम तपासावं, याला तेव्हाच कागदावर जागा मिळाली. अडचण एवढीच, की घाईच्या दिवशी सगळ्यात आधी कोरा राहतो तो ‘इतर’चाच रकाना.

तो भरताना एक सावधगिरी हवी. “एकूण कामातलं किती टक्के तू केलंस?” असं प्रत्येकाला विचारलं, तर बेरीज शंभराच्या पुढे जाईल. १९७९ साली मायकेल रॉस आणि फियोरे सिकोली यांनी नवरा-बायकोंना घरकामातल्या वाट्याबद्दल विचारलं, तेव्हा दोघांच्या उत्तरांची बेरीज अशीच जास्त भरली. त्यात खोटेपणा असतोच असं नाही. आपण उपसलेले कष्ट आपल्याला आठवतात, दुसऱ्याचे दिसलेलेच नसतात. म्हणून टक्के विचारू नयेत. वहीच्या शेवटी एक साधा तक्ता ठेवावा: तारीख, कोणी, काय केलं. आणि सहाध्यायीला एकच प्रश्न विचारावा: याच्याकडून तू काय शिकलास? ज्याच्या नावापुढे सगळ्यांची उत्तरं कोरी राहतात, त्याच्याशी शिक्षकांनी बोलावं. तो कामचुकार असेल किंवा त्याला काम देण्याचं कोणाला सुचलंच नसेल. दुसरी शक्यता आधी तपासावी.

गट की एकटा, या वादात खेडच्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने लावणीकडे बोट दाखवलं असतं. चिखलात पाच-सहा जणं ओळीने वाकलेली असतात. गप्पा चालू, मध्येच एखादं गाणं. काम सगळ्यांचं एकच आहे. पण लावणी करणारा माणूस पुढे जात नाही, मागे मागे सरकतो. त्यामुळे त्याने लावलेली रोपं सतत त्याच्याच डोळ्यांसमोर राहतात, आणि शेजारणीच्याही.